एकतीस नंबरचा बिल्ला

मी आणि माझा नवरा परदेशी निघालो तेव्हा सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावली. "रोज फोन कर आणि रोज एक चांगली गोष्ट सांग. एकच सांग, पण खरी सांग. रडगाणं मी त्याच्याकडून ऐकीन." मी हो म्हटलं. विमानतळावर सासूला नाही कोण म्हणतं.

इथे आल्यावर कळलं की हे काम वाटलं तेवढं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं, नळाला गरम पाणी येतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, शेजारचं कुत्रं भुंकत नाही. तिसऱ्या दिवशी माझा साठा संपला. सासूबाई फोनवर वाट बघत राहिल्या आणि मी भिंतीकडे बघत राहिले. मग मी शोधायला लागले. रविवारी अकरा ते बारा स्वयंपाकघराच्या फरशीवर पाटाएवढं ऊन पडतं, त्यात मी मांडी घालून भाजी निवडत बसते, हे सांगितलं. एकदा मी बसमागे धावत होते तर ड्रायव्हर थांबला, आणि मी आत चढल्यावर त्याने हातानेच 'जरा दम खा' अशी खूण केली, हे सांगितलं. कामावरच्या मावशीला मी तिच्या भाषेत चार शब्द जोडून काहीतरी म्हटलं आणि ती हसली, तेही सांगितलं. ती चुकीमुळे हसली की विनोदामुळे, ते मी सांगितलं नाही.

पण यातली कुठलीच माझी सगळ्यात आवडती नव्हती. माझी आवडती गोष्ट मी रोज चारला दहा कमी असताना करायचे. ती माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठली, म्हणून ती नीट सांगते.

आम्ही दोघं फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागलो होतो. कामाची जागा आधी त्यांना मिळाली, मागाहून मला. या देशात आमचं राहणं त्यांच्या नोकरीवर होतं. ती गेली तर एका महिन्यात गाशा गुंडाळायचा, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पट्ट्यावर सफरचंदं निवडायचे, मोठी इकडे, लहान तिकडे, डागी खाली. ते क्रेट ढकलगाडीवर घालून थंड खोल्यांत नेऊन रचायचे. खोल्या आठ, प्रत्येक खोली आमच्या सगळ्या घराच्या चौपट, आणि क्रेटच्या थप्प्या छतापर्यंत.

खोली भरेपर्यंत रोज उघडायची, रोज बंद व्हायची. पूर्ण भरली की सील व्हायची. सील म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. दार लावून बाहेरून सहा बोल्ट आवळायचे आणि नळीने आत असा वायू सोडायचा की आतला प्राणवायू निघून जातो. फळ त्यात झोपी जातं, म्हणून पुढच्या हंगामापर्यंत ताजं राहतं. माणूसही झोपी जातो, पण उठत नाही. एकदा सील झालेलं दार पाच महिने उघडत नाही.

म्हणून तिथे बिल्ल्यांची पद्धत होती. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. माझ्या नवऱ्याचा एकतीस, माझा बत्तीस. एरवी सगळे बिल्ले ऑफिसशेजारच्या मोठ्या फळीवर. खोलीत शिरताना आपला बिल्ला तिथून काढून खोलीच्या दारावरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की परत फळीवर. दारावर एक जरी बिल्ला असला तरी दार लावायचं नाही. पहिल्या दिवशी सुपरवायझरने हे तासभर समजावलं. त्याला आम्ही दोघं घरी भोंगा म्हणायचो, कारण तो 'सुप्रभात'सुद्धा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणायचा. त्याने आमच्यापुढे एक बोट नाचवून तीनतीनदा सांगितलं, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. मला भाषा अर्धी कळत होती, पण हे पूर्ण कळलं. मी मान डोलावली. दुसऱ्याच्या बिल्ल्याला मी कशाला हात लावू?

आणि पहिल्याच आठवड्यात आमचे हे बिल्ला दारावर विसरून चहाला गेले.

त्या दिवशी दोन नंबरची खोली सील व्हायची होती. दारावर एकतीस नंबर लटकत होता, म्हणून काम थांबलं, बारा माणसं थप्प्यांमध्ये शोधत फिरली, आणि हे कँटीनच्या खिडकीशी पेला धरून उभे सापडले. भोंगा इतका ओरडला की मावशीने कानांवर हात ठेवले. मग एक कागद आला. पुन्हा अशी चूक झाली तर नोकरी संपली. यांनी सही केली आणि बसमध्ये घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

माझा नवरा विसरभोळा आहे असं नाही. तो पसाऱ्याचा माणूस आहे. ओला टॉवेल पलंगावर, गिझर चालू, चष्मा फ्रीजवर. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं होतं, "त्याला बोलू नकोस, तो चिडतो. त्याच्या मागे मागे आवरत जा, कळतही नाही त्याला." त्यांनी सत्तावीस वर्षं आवरलं, मग मी नऊ वर्षं. ते अंघोळ करून बाहेर पडले की माझा हात आपोआप गिझरच्या बटणाकडे जातो. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. इथे आल्यावर तर फारच बरं वाटायला लागलं. सगळं परकं असताना एक टॉवेल तरी ओळखीचा होता.

तर त्या कागदानंतर आठेक दिवसांनी माझं काम संपवून मी कपडे बदलायला निघाले. वाटेत सहा नंबरची खोली लागते. बघते तर दारावर एकतीस लटकतोय. यांचं काम साडेतीनला संपतं. घड्याळात चारला दहा कमी. इकडेतिकडे पाहिलं, भोंगा पाठमोरा होता. मी बिल्ला काढला, ओढणीखाली धरला आणि जाता जाता फळीवर त्याच्या जागी अडकवला. कोणी पाहिलं नाही. चारला कँटीनच्या खिडकीशी हे नेहमीसारखे उभे, हातात चहाचे दोन कागदी पेले, खिशात माझ्यासाठी एक सफरचंद. डागी फळांची टोपली गेटजवळ असायची, त्यातलं एक रोज न्यायची परवानगी होती. "टोपलीतून चांगलं बघून आणलंय," ते म्हणाले. सफरचंद फारच गोड होतं. बिल्ल्याचा विषय मी काढला नाही, ते चिडले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बिल्ला दारावर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी रोजच बघायला लागले, आणि रोजच तो असायचा. मी मनात म्हणायचे, काय हा माणूस. पण तो गार पितळी तुकडा मुठीत धरून दहा पावलं चालताना मला जे वाटायचं ते या देशात दुसऱ्या कशानेच वाटलं नाही. इथे मला फॉर्म भरता येत नव्हता, दुकानात चार वाक्यं बोलता येत नव्हती, पण माझ्या माणसाची नोकरी मी रोज चारला दहा कमी असताना वाचवत होते. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या खुलून हसल्या. "बघ, तिकडेसुद्धा मागे आवरायला लागतंच ना. त्याला कळू देऊ नकोस." कोणाच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही हे मला आठवत होतं. पण तो नियम दुसऱ्यांसाठी होता. नवरा काय दुसरा माणूस असतो?

याच सुमारास हे बदलायला लागले.

आधी मला वाटलं थकवा असेल. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढून ओढून बघायचे. जेवताना मध्येच विचारायचे, "अगं, मी हात धुतले ना?" एका रविवारी मी उन्हाच्या तुकड्यात बसले होते, ते येऊन शेजारी टेकले आणि म्हणाले, "हल्ली मला विसरायला होतंय."

"नवीन काय त्यात."

"तसं नाही. केलेलं आठवतं, पण केलेलं नसतं."

मी हसले. म्हटलं, "मग ते नवऱ्यांना जन्मभर होतं." ते हसले नाहीत. उन्हात त्यांनी हात पुढे केला होता आणि तळव्यावर निळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं होतं, अर्धं पुसलेलं. मी विचारलं तर मूठ मिटली. "कामाचं आहे," म्हणाले.

दोन दिवसांनी सासूबाईंनी फोनवर चांगली गोष्ट विचारलीच नाही. म्हणाल्या, "तो मला विचारत होता, बाबांचं विसरणं कितव्या वर्षी सुरू झालं. अगं, त्याचे बाबा पासष्टाव्या वर्षी... हा तर चाळीसचा नाही अजून. काय चाललंय तिकडे?" मी म्हटलं काही नाही, दमतात. मग मी फोन ठेवला. मला सासरे आठवले, स्वतःच्याच दारात उभे राहून 'हे कोणाचं घर' म्हणून विचारणारे. आणि मी ठरवलं, आता यांच्यावर जास्तच लक्ष ठेवायचं. बिल्ला एकही दिवस चुकवायचा नाही. ज्या गोष्टीने ते बुडत होते तीच मी रोज नेमाने करत राहिले.

ते घरी बोलायचे कमी झाले. कामावर त्यांची गाडी एकदा थप्पीला घासली. पट्ट्यावरून मला ते दिसायचे, सहा नंबरच्या दारापुढे उभे, खिळ्यावरच्या बिल्ल्याला बोट लावून काहीतरी पुटपुटत. मग आत जायचे. मावशीनेही ते पाहिलं. तिने माझ्याकडे बघून स्वतःच्या डोक्याशी बोट नेलं आणि काळजीने मान हलवली. मला तिचा राग आला, तिला चार शब्द सुनवावेसे वाटले, पण माझ्याकडे तिच्या भाषेतले तेवढे शब्द नव्हते.

सहा नंबरची खोली एका गुरुवारी भरली. दुपारी भोंग्याने ओरडून सांगितलं, चारला सील. मी पट्ट्यावर फळं निवडत होते आणि डोळे घड्याळावर होते. आज जर बिल्ला दारावर राहिला तर पुन्हा बारा माणसं, पुन्हा शोधाशोध, आणि मग कागद नाही, थेट विमान. पावणेचार वाजता मी पोट दुखतंय अशी खूण करून उठले.

बिल्ला होताच. मी दारात डोकावले, एवढं मी केलं. आत दिवे होते, पंख्यांची घरघर होती, समोर क्रेटच्या भिंती होत्या आणि माणूस कुठे दिसत नव्हता. हाक मारली असती तरी पंख्यांत विरली असती, पण मी मारलीही नाही. हाक मारली असती तर भोंग्याने ऐकलं असतं. मी बिल्ला काढला आणि फळीवर लावला. माझा जीव भांड्यात पडला. मी आरशासमोर उभी राहून सावकाश केस बांधले आणि आज सासूबाईंना काय सांगायचं याचा विचार केला.

कँटीनच्या खिडकीशी कोणी नव्हतं.

मी थांबले. चहाच्या यंत्राशी गेले, पेले मीच भरले, दोन. त्यांचा खिडकीत ठेवला. चार वाजून सात मिनिटं झाली. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला. मी त्याला बोटांनी तीन आणि एक करून दाखवलं, त्याने खांदे उडवले. चहावर साय धरायला लागली होती. मला यांच्या तळव्यावरची शाई आठवली. केलेलं आठवतं पण केलेलं नसतं, हे आठवलं. आणि रोजचं ते गोड सफरचंद आठवलं, देठाला हिरवं पान असलेलं. गेटजवळच्या टोपलीतली फळं पट्ट्यावरून घासून येतात. त्यांना पान राहत नाही. पान फक्त थंड खोलीच्या आतल्या, मागच्या रांगेतल्या फळांना असतं, ती सरळ बागेतून येऊन खोलीत जातात.

माझ्या हातून पेला पडला की मी टाकला, माहीत नाही.

सहा नंबरच्या दारावर सहाही बोल्ट आवळलेले होते. नळीतून सूं असा आवाज येत होता. भोंगा वहीत वेळ लिहीत होता. मी दारावर दोन्ही हात आपटले. त्याने मला बाजूला केलं आणि रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. मग मला दंडाला धरून फळीशी नेलं आणि एकतीस नंबरवर बोट ठेवलं. तो शांतपणे बोलत होता, पहिल्यांदाच. आहे ना इथे, गेला असेल घरी. मला सांगायचं होतं की तो मी लावला, मी रोज लावते, ते आत आहेत. माझ्या तोंडून सगळं मराठीत बाहेर पडत होतं. त्यांच्या भाषेतला एक शब्द सुचेना. 'नवरा' सुचेना, 'आत' सुचेना.

मग मी एकतीस नंबर फळीवरून ओरबाडला, धावत गेले आणि दारावरच्या खिळ्याला अडकवला. माझा बत्तीस नंबरही त्याच्यावर अडकवला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

भोंग्याने त्या दोन बिल्ल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नळी त्याने आधी बंद केली, मग ओरडला, आणि त्याचा तो आवाज ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं. चार माणसं बोल्ट खोलायचे पाने घेऊन धावत आली. सहा बोल्ट काढायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. मी बिल्ल्यांकडे बघत होते.

ते दाराशीच होते. आतून मारून मारून बोटांची सालं निघाली होती, ओठ निळे झाले होते, आणि ते उभे होते. त्यांना क्रेटवर बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं. भोंगा वाकून ओरडत होता, बिल्ला का नाही लावलास, का नाही लावलास. हे मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "चुकलं. माझ्या डोक्याचं काहीतरी झालंय." मराठीत म्हणाले, माझ्याकडे बघून. "मला वाटलं लावलाय. रोज वाटतं, आणि बाहेर येऊन बघतो तर खिळा रिकामा. मी हातावर लिहिलंसुद्धा." त्यांनी तळवा उघडला. रक्तात आणि शाईत अक्षरं दिसत होती, 'अडकवला', आणि शेजारी वेळ, तीन अडतीस. दुसऱ्या हाताने खिशातून सफरचंद काढून माझ्याकडे धरलं. "इथलं पाच महिने मिळणार नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून शेवटचं आणायला गेलो. बिल्ला लावलाय म्हटल्यावर दार कोण लावेल, असं वाटलं."

मी तेव्हा गप्प बसू शकले असते. भोंग्याला काही कळलं नसतं, यांनाही नाही. आम्ही घरी गेलो असतो, आपल्या देशात, आणि हे जन्मभर डॉक्टरांकडे फिरले असते. मी भोंग्यासमोर गेले. एकतीस नंबर खिळ्यावरून काढला, मुठीत धरला, फळीपर्यंत दहा पावलं चालले आणि अडकवला. मग माझ्या छातीवर बोट ठेवलं. रोज, मी म्हटलं. तो शब्द मला येत होता.

भोंगा ओरडला नाही. त्याने माझा बत्तीस नंबर खिळ्यावरून काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. माझी नोकरी गेली, यांची राहिली. त्याने बरोबरच केलं.

बसमध्ये यांनी विचारलं, "किती दिवस?"

"तेवीस."

"म्हणजे मी विसरत नव्हतो."

"नाही."

त्यांनी डोळे मिटले, आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आपल्या शेजारी कोण बसलंय ते नीट लक्षात ठेवायला हवं, असं.

सासूबाईंना मी त्या संध्याकाळी सांगितलं की आज ड्रायव्हरने पुन्हा बस थांबवली होती. त्या म्हणाल्या, "हे आधी सांगितलं होतंस."

याला आता दोन महिने झाले. त्यांचं विसरणं पूर्ण थांबलं आहे. टॉवेल ते स्वतः दोरीवर टाकतात, गिझर स्वतः बंद करतात. मी कशाला हात लावत नाही. रविवारी उन्हाचा तुकडा अजून येतो, आम्ही दोघं त्यात बसतो, आणि कधी कधी हसतोही. फक्त अंघोळीला जाताना ते दार लावून घेतात आणि आतून म्हणतात, "मी आत आहे गं." मी असेन तिथून "हो" म्हणते. कधी हातात काम असतं आणि माझं "हो" क्षणभर मागे पडतं. तेवढ्यात कडी निघाल्याचा आवाज येतो आणि ते ओल्या अंगाने दार उघडून बघतात, मी कुठे आहे आणि माझे हात कुठे आहेत ते.